चार बोटं वर

पत्र दोनच पानांचं.
परिशिष्टात बारीक टायपात अनुक्रमांकांची रांग.
बोर्डाच्या निकालात आपला नंबर शोधावा
तशी मी पट्टी धरून खाली खाली येत गेले.
सापडला.

'डोकं पेलणारे बोल्ट सैल होण्याची शक्यता.
तपासणी होईपर्यंत वापर थांबवावा.'
डोकं म्हणजे डिटेक्टर,
सव्वादोनशे किलो.
ते माणसाच्या छातीवर येतं आणि थांबतं
चार बोटं वर.
सात वर्षं रास्ता पेठेतल्या या तळघरात
मी प्रत्येकाला सांगत आलेय,
घाबरू नका हं, अंगाला लागत नाही.

सव्वाअकरा वाजले होते.
बाहेर बाकावर इंदुमती लडकत, वय एकसष्ट, फुरसुंगी.
साडेनऊला मीच त्यांच्या शिरेत सुई घातलेली.
औषध हाडांत उतरत होतं
आणि सहा तासांत निम्मं होणार होतं,
ते काही कुणाच्या पत्रासाठी थांबत नाही.
भरपूर पाणी प्या म्हटलं होतं,
तर तिसरी बाटली त्या इमानदारीनं संपवत होत्या.

डॉक्टर म्हणाले, शक्यता म्हणजे शक्यता गं.
इतक्या वर्षांत काय झालं?
आजचे तिघं उरकून घे, उद्या इंजिनिअर येतोच आहे.
त्यांचंही खोटं नव्हतं,
यंत्र बंद पडलं म्हणून बँकेचा हप्ता बंद पडत नाही.

मी आत गेले. वीज बंद केली.
डोकं पार कडेला होतं, तरी अंग चोरत
टेबलावर आडवी झाले. सात वर्षांत पहिल्यांदा.
खालून ते वेगळंच दिसतं.
पांढऱ्या पत्र्यावर कुणाच्या तरी बांगडीचा ओरखडा,
फटीत खंडेनवमीची हळद,
झेंडूची एक पाकळी, वाळून तपकिरी.
बोल्ट झाकणाच्या आत.
मला दिसावेत अशी त्यांची जागाच नाही.

उठले. किल्ली काढून एप्रनच्या खिशात टाकली.
एरंडवण्याच्या सेंटरला फोन केला,
दीडला जागा होती.
लेकाला म्हटलं, रोहिदास, लक्ष्मी रोडनं जाऊ नका,
अडकाल.
आणि आईशेजारी आज गरोदर बाईला बसू देऊ नका.
इंदुमतीबाई पायरीवर थांबल्या, एक हात कठड्याला.
'मशिन बिघडलंय व्हय?'
नाही. म्हणजे, माहीत नाही.
'मग आमच्या आदी जे झोपून गेले,
त्यांना कळिवलं का?'
रिक्षा सुटली.

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी भोसरीहून आला,
कोवळा पोरगा, पाना नवाकोरा.
तीन बोल्ट घट्ट होते.
चौथा त्याच्या हातानं फिरला, पाव आटा.
एवढं चालतं मॅडम, म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता
फॉर्मवर काहीतरी बराच वेळ लिहीत राहिला.

कंपनी याला रिकॉल म्हणते,
माघारी बोलावणं.
यंत्र कुठं जाणार माघारी?
आणताना जिन्याची भिंत पाडली होती,
ती आम्ही परत बांधून रंगवलीसुद्धा.

माघारी आली ती रजिस्टरमधली नावं.
त्या रात्री मी पट्टी धरून वाचत बसले.
येनपुरे, खडकी. पाठीचा कणा.
मुनीर तांबोळी, भवानी पेठ. गुडघे,
आणि टेबलावरच लागलेली झोप, घोरण्यासकट.
फिलोमिना साळवे, जिनं विचारलं होतं
हे खाली नाही ना येणार,
आणि मी हसले होते.
चांगलं खळखळून हसले होते.

दीडला दिवा मालवला.
अंथरुणावर पडल्या पडल्या
स्वतःचाच हात छातीवर आडवा धरून पाहिला,
चार बोटं वर.
जरा वेळानं तो थरथरू लागला.
हाताचं वजन ते केवढं.